ढगातला आचारी आणि त्याची यादी



वैशाखाच्या ऐन उन्हात ढगांविषयी बोलायला उभा राहणारा माणूस एक तर कवी असला पाहिजे, नाही तर हवामानखात्यातला अधिकारी. मी दोन्ही नव्हे. मी संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा एक कारागीर आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘सर्व्हरलेस फंक्शन आणि त्याचे कॉन्फिगरेशन’ असे कागदावर लिहून दिले. चालक सज्जन, त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एवढेच विचारले, “श्रोते बसतील ना?” मी म्हटले, बसतील. कारण या विषयाच्या टोकाला एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज नाकारला गेलेला आहे, आणि तो नाकारण्याचे पाप माझ्या माथी आहे. तिच्यापर्यंत पोचायला मात्र थोडी वाट चालावी लागेल.

नावापासूनच घोटाळा सुरू होतो. सर्व्हरलेस म्हणजे ज्याला सर्व्हर नाही ते, असा शब्दाचा अर्थ. वस्तुतः सर्व्हर असतोच. तो आपला नसतो आणि आपल्याला दिसत नाही, इतकेच. पूर्वी एखाद्या संस्थेला आपली आज्ञावली चोवीस तास जागी ठेवायची असे, तेव्हा तिला एक यंत्र विकत किंवा भाड्याने घ्यावे लागे. हे घरात पगारी आचारी ठेवण्यासारखे झाले. पंगत असो वा नसो, त्याचा पगार चालूच. २०१४ च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉनने लॅम्डा नावाची सोय जाहीर केली, आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांनीही तशाच सोयी पुढे आणल्या. तेव्हापासून कार्यापुरता आचारी बोलावण्याची रीत या धंद्यात रूढ झाली. काम आले की तो हजर होतो, काम करतो आणि निघून जातो. हिशेब मिनिटांचासुद्धा नाही, सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. लॅम्डावर अशा एका कामाला जास्तीत जास्त पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात आटोपले नाही तर त्याला पानावरून उठवतात. दहा पंगती एकदम बसल्या तर दहा आचारी उभे राहतात. रात्री कोणीच जेवायला नसेल तर एकही नाही, आणि खर्चही नाही.

हे ढग फार दूर असतात असेही समजू नका. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात जी केंद्रे उघडली त्यांतले एक पुण्यात आहे. अ‍ॅमेझॉनचे केंद्र २०१६ पासून मुंबईत आहे. आपण मोबाइलवर एखादे बिल भरता तेव्हा ते स्वीकारणारा आचारी कदाचित आपल्याच गावचे पाणी पीत असेल.

आता मुद्द्याकडे वळू. आचाऱ्याला पाककृती पाठ असते. पण आज पाने किती, तिखट कितपत, मंडळी कांदालसूण खाणारी आहेत की नाहीत, तूप कोणत्या दुकानातून आणायचे, हे त्याला यजमानाने सांगावे लागते. पाककृती म्हणजे आज्ञावली, आणि यजमानाची ही यादी म्हणजे कॉन्फिगरेशन. माहिती कोणत्या भांडारातून आणायची, व्याजाचा दर काय, अर्जाची शेवटची तारीख कोणती, पत्रे कोणाच्या नावाने जावीत, असल्या बदलत्या गोष्टी पाककृतीत कोरून ठेवायच्या नसतात. कोरून ठेवल्या तर तिखट कमी करण्यासाठी आचाऱ्याला पुन्हा गुरुगृही पाठवावे लागते.

घरच्या आचाऱ्याच्या बाबतीत प्रश्न सोपा होता. यादी एका फाइलीत लिहून त्याच्या चुलीशेजारच्या खुंटीला अडकवायची. युनिक्स वापरणारे लोक गेली पन्नास वर्षे अशा फाइली ठरलेल्या एका कपाटात ठेवत आले आहेत. पण येता-जाता आचाऱ्याला खुंटी कोठली? तो आज या स्वयंपाकघरात, उद्या त्या. म्हणून पहिली युक्ती अशी निघाली की यादी त्याच्या पिशवीतच घालून द्यायची. आज्ञावलीची जी पुरचुंडी ढगात पाठवायची तिच्यातच ही फाइल बांधायची.

येथे नवशिक्यांची जी फजिती होते ती मी इतक्या वेळा पाहिली आहे, आणि स्वतः अनुभवली आहे, की तिच्यावर थोडे रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या टेबलावर सारे ठीक चालते. ढगात पाठवले की उत्तर येते, ‘फाइल सापडत नाही’. पुष्कळदा कारण अगदी साधे असते: ती पुरचुंडीत बांधलेलीच नसते. मायक्रोसॉफ्टच्या सोयीत तर ‘लोकल सेटिंग्ज’ नावाची एक फाइल मुद्दामच मागे ठेवली जाते. ती घरच्या तालमीपुरती आहे, हे तिच्या नावातच लिहिले आहे. पण नावे कोण वाचतो? ढगातल्या प्रयोगासाठी त्याच गोष्टी तेथल्या नोंदवहीत वेगळ्या लिहाव्या लागतात.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. आज्ञावलीत आपण लिहितो, “शेजारच्या घरात जा आणि यादी आण.” शेजारचे घर म्हणजे कोणाच्या शेजारचे? सांगणारा ज्या ओट्यावर उभा आहे त्याच्या. आपल्या टेबलावर आज्ञावली ज्या जागी उभी असते तीच जागा तिला ढगात मिळेल असा भरवसा नसतो. पुण्यात सदाशिव पेठेत बसून कोणी पत्रावर ‘पलीकडची गल्ली’ एवढाच पत्ता लिहिला आणि ते पत्र नागपुरात पेटीत टाकले, तर टपालवाल्याचा काय दोष? उपाय हा की पत्ता पुरा लिहावा, आणि तोही पाठ न करता आज्ञावलीने स्वतःचे घर कोठे आहे ते आधी विचारावे आणि तेथून वाट काढावी. लॅम्डावर हे घर एका ठरलेल्या खोलीत असते. ती खोली केवळ वाचण्यापुरती. काही लिहून ठेवायचे तर तात्पुरत्या कामाचा एक वेगळा कोपरा दिलेला आहे. आचारी गेला की त्या कोपऱ्यातले सामानही गेले.

तिसरे कारण आपल्या मराठी माणसाला चटकन उमगत नाही, कारण आपल्या लिपीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर हा भेदभावच नाही. रोमन लिपीत आहे. विंडोज या भेदाकडे सहसा काणाडोळा करते. लिनक्स करीत नाही. तेव्हा विंडोजवर काम करणाऱ्याने फाइलीचे नाव मोठ्या अक्षराने ठेवले, आज्ञावलीत लहान अक्षराने लिहिले आणि पुरचुंडी लिनक्सवर धाडली, की संपले. मी एकदा दुपारचे जेवण सोडून चार तास हा एक अक्षराचा फरक शोधत बसलो होतो. घरी कारण सांगितले तेव्हा त्याला कोणीही सहानुभूती दाखवली नाही.

फाइल सापडली तरी ती वाचणाराही शहाणा असावा लागतो. यॅमल नावाची एक सुटसुटीत लिखाणपद्धती अशा याद्यांसाठी फार वापरतात. तिच्या जुन्या, १.१ क्रमांकाच्या नियमांत शून्यापासून सुरू होणारा आकडा हा आठाच्या पाढ्यातला समजला जाई, आणि ते नियम पाळणारी वाचनयंत्रे आजही वापरात आहेत. त्यामुळे पुण्याचा दूरध्वनी संकेत ०२० अवतरणचिन्हाशिवाय लिहिला तर यंत्र तो १६ असा वाचते, आणि मुंबईचा ०२२ होतो १८. नॉर्वे देशाची खूण रोमन लिपीत ‘एन्‌ओ’ अशी आहे. त्याच नियमांनुसार तिचा अर्थ ‘नाही’ असा घेतला जातो, आणि देशांच्या यादीतून बिचारा नॉर्वे नाहीसा होतो. धंद्यातले लोक याला नॉर्वेची अडचण असेच म्हणतात. असो.

पिशवीतल्या यादीचा मोठा दोष वेगळाच आहे. तीच पाककृती तालमीसाठी एका घरी आणि खऱ्या पंगतीसाठी दुसऱ्या घरी न्यायची असते. याद्या दोन, पिशवी एक. मग दारातून आत येतानाच आचाऱ्याच्या कानात सांगण्याची पद्धत पुढे आली. तिला एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणतात. तीही नवी नव्हे. बेल प्रयोगशाळेच्या १९७९ सालच्या सातव्या युनिक्स आवृत्तीत ती आली. २०११ साली हेरोकू या कंपनीतल्या अ‍ॅडम विगिन्स यांनी चांगल्या आज्ञावलीची बारा सूत्रे मांडली, त्यांत यादी कानात सांगावी, पाककृतीत मिसळू नये, असा आग्रह धरला. त्यांची कसोटी मला फार आवडते. तुमची सारी आज्ञावली या क्षणी चव्हाट्यावर मांडली तर तुमचे एखादे गुपित फुटेल काय? फुटणार असेल तर यादी पाककृतीत मिसळलेली आहे.

पण कानात सांगण्यालाही मर्यादा आहे. लॅम्डावर ती सगळी मिळून ४ किलोबाइट. देवनागरीचे एकेक चिन्ह प्रचलित पद्धतीत तीन बाइट खाते; काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा चिन्हेच. म्हणजे मराठीत जेमतेम तेराशे चिन्हे. आपल्याकडच्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेलाही ती पुरणार नाहीत. म्हणून मोठी यादी फाइलीतच राहते आणि कानात फक्त ‘यादी अमुक ठिकाणी आहे’ एवढेच सांगतात.

आणि भांडारघराची किल्ली? तिचा पत्ता यादीत असावा, किल्ली असू नये. हे सांगायला मला नवा दाखला शोधावा लागत नाही. २०१६ साली चोरांनी उबर कंपनीच्या अभियंत्यांच्या खाजगी आज्ञावली-संग्रहात शिरकाव केला. तेथे त्यांना कंपनीच्या ढगातल्या भांडाराची किल्ली लिहून ठेवलेली सापडली. सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालक यांची माहिती तिच्यायोगे बाहेर गेली. कंपनीने चोरांना एक लाख डॉलर दिले आणि वर्षभर मौन पाळले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते उघड झाले, आणि पुढल्या वर्षी अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड करताना १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले. या संग्रहांचा स्वभाव असा की आज तुम्ही ती ओळ खोडली तरी कालची प्रत इतिहासात शिल्लक राहते. ओळ खोडून भागत नाही, कुलूपच बदलावे लागते. यासाठी आता किल्ल्या सांभाळणाऱ्या वेगळ्या तिजोऱ्या आहेत. आचाऱ्याने ओळख पटवायची, किल्ली घ्यायची, आणि ती चिठ्ठीवर उतरवून ठेवायची नाही.

येथवर जे सांगितले ते चुकले तर निदान बोभाटा होतो. फाइल नाही, किल्ली लागत नाही, आज्ञावली थांबते, कोणीतरी झोपेतून उठतो आणि दुरुस्त करतो. मला भीती वाटते ती न थांबणाऱ्या चुकीची. कित्येक कारागीर सोय म्हणून असे लिहितात की यादी मिळाली नाही तर आपल्या मनाने नेहमीचे प्रमाण घाल. मीठ सांगितले नाही म्हणून आचाऱ्याने अंदाजाने घातले, आणि जेवणारे मधुमेहाचे की रक्तदाबाचे, हे विचारलेच नाही. अशा वेळी मला हातपाय गाळून बसणारा आचारी अधिक प्रामाणिक वाटतो. काहीजणांना माझे हे मत कर्मठपणाचे वाटते, वाटो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे सगळ्या आचाऱ्यांजवळ एकच यादी आहे की नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअरबाजारातल्या पेढीत आठ यंत्रांपैकी सातांवर नवी आज्ञावली बसली होती आणि आठवे चुकून तसेच राहिले होते. एक जुनी, निकामी समजलेली खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरली होती. सात यंत्रांनी तिचा नवा अर्थ घेतला. आठव्याने जुना घेतला आणि वर्षानुवर्षे झोपलेले एक काम जागे करून भराभर खरेदी-विक्री सुरू केली. सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून अधिक बुडाले. तेथे सर्व्हरलेस वगैरे काही नव्हते. पण आठ यंत्रांच्या जागी दर मिनिटाला ये-जा करणारे शंभर आचारी कल्पा, म्हणजे माझी अडचण ध्यानात येईल.

आता ती मुलगी.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेसाठी, नाव सांगत नाही, मी शिष्यवृत्तीचे अर्ज घेणारी आज्ञावली लिहिली. बारावी झालेल्या मुलींसाठी ती योजना होती. शेवटची तारीख मी पाककृतीत कोरली नाही. शहाण्यासारखी वेगळ्या फाइलीत ठेवली. संस्थेतल्या कारकुनाला ती स्वतः बदलता यावी, माझ्या पाया पडायला लागू नये, हा हेतू. आचारी कामाला उभा राहिला की ती फाइल एकदा वाचायची आणि ध्यानात ठेवायची, अशी मी योजना केली. प्रत्येक अर्जाला फाइल उघडायची तर वेळ जातो आणि थोडे पैसेही जातात. पुस्तकेही हेच सांगतात: जड काम उभे राहताना एकदाच करावे.

पुस्तकांत हेही लिहिलेले असते, पण मी तिकडे पुरेसे लक्ष दिले नाही, की आचारी पंगत उठल्याबरोबर लगेच जात नाही. पुढची पंगत बसेल या आशेने ढगवाले त्याला काही वेळ चुलीपाशीच बसवून ठेवतात. पुन्हा काम आले तर तोच उठतो, आणि त्याच्या डोक्यातली यादी तीच असते. कामाचा ओघ चालू असला तर तो काही तासही टिकू शकतो.

मुदत ३० जूनला संपत होती. त्या संध्याकाळी संस्थेने ती आठ दिवसांनी वाढवली. कारकुनाने फाइलीत ८ जुलै लिहिले, बरोबर लिहिले, आणि तो घरी गेला. शेवटचा दिवस म्हणून रात्रभर अर्ज येत होते. त्यामुळे रात्रभर जुने आचारीही जागे होते. गर्दी वाढली तसे काही नवे उभे राहिले. नव्यांनी नवी यादी वाचली. जुन्यांच्या डोक्यात ३० जूनच होता.

१ जुलैच्या सकाळी तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात दोन मैत्रिणी आल्या. एकाच गावच्या, एकाच वर्गातल्या. दुकानदाराने एकीचा अर्ज भरला, स्वीकारला गेला. पाच मिनिटांनी दुसरीचा भरला. उत्तर आले, ‘मुदत संपली आहे’. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मुलगी एस. टी. पकडून घरी गेली. दुकानदार माणूस चिकट. त्याने संस्थेत फोन लावला आणि विचारले, “एकीचा घेता आणि दुसरीचा घेत नाही, ते आडनाव बघून ठरवता काय?”

त्या दोघींची आडनावे, आपल्या समाजात ज्यावरून बरेच काही ताडले जाते अशी, वेगवेगळी होती.

संस्थेच्या बाईंनी मला फोन केला. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. मी त्यांना ठणकावून सांगितले, “बाई, हे अशक्य आहे. यंत्राला आडनाव कळत नाही.” दुसरे वाक्य खरे होते, पहिले खोटे. दुकानदाराला मी काय सांगणार होतो? की दोन आचाऱ्यांच्या डोक्यात दोन तारखा होत्या आणि कोणाच्या वाट्याला कोण येईल हा केवळ योगायोग? त्याने आजवर पाहिलेल्या योगायोगांचा कल नेहमी एकाच बाजूला होता.

नोंदवही उघडली तेव्हा तासाभरात सगळे दिसले. एका आचाऱ्याने रात्रीपासून जेवढे अर्ज हाताळले ते सगळे नाकारले होते; दुसऱ्याने सगळे घेतले होते. मी आज्ञावली नव्याने पाठवली, त्यासरशी जुने सगळे निघून गेले. पण नाकारलेल्या चाळीसेक मुलींना ते कसे कळणार? सुदैवाने अर्जाचा क्रमांक आधीच्या पायरीला दिला जाई, त्यामुळे दूरध्वनी क्रमांक हाती होते. बाई, तो कारकून आणि मी, तिघांनी बसून फोन केले. कित्येक क्रमांक शेजाऱ्यांचे, मामांचे, दुकानांचे. चार जणींना पत्रे पाठवली. त्या मुलीचा फोन तिच्या भावाने उचलला. “आज दुसऱ्यांदा गाडीभाडे लागेल,” तो म्हणाला, बाकी काही बोलला नाही. तिला मात्र यावे लागले नाही. अर्ज आम्हीच तेथून पुढे सरकवला.

नंतर मी आज्ञावलीत दोन बदल केले. पहिला सर्वांनाच सुचेल असा: ध्यानातली यादी पाच मिनिटांहून जुनी झाली की फाइल पुन्हा वाचायची. दुसरा बदल मला बाईंनी सुचवला. त्यांना संगणकातले काही कळत नाही असे त्या स्वतः म्हणतात. त्या म्हणाल्या, “अर्ज घ्यायचा असेल तेव्हा हवी तर जुनी यादी वापरा. पण नाही म्हणायचे असेल तर आधी एकदा उठून कपाट उघडून बघत जा.” तेव्हापासून माझी आज्ञावली स्वीकारताना ध्यानातल्या तारखेवर चालते, आणि नाकारण्यापूर्वी, प्रत्येक वेळी, फाइल नव्याने वाचते. फाइल वाचता आली नाही तर ती नकार देत नाही; अर्ज बाजूला ठेवते आणि माणसाला बोलावते. याला महिन्याकाठी खर्च किती वाढला म्हणाल, तर येथल्या चहाच्या एका कपाइतकाही नाही.

माझी वेळ संपल्याची खूण अध्यक्षमहाराजांनी मघाशीच केली आहे. कोणाला काही विचारायचे असल्यास मी येथेच बसलो आहे.